‘तो काही करत नाही’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याचं काय करायचं?

ताई, नमस्कार.
तुर्भ्याच्या एमआयडीसीतून निवृत्त झालेला मी एक साधा माणूस. नेरूळला तीन विंगच्या सोसायटीत बरीच वर्षं राहतो. समोरच्या विंगमधल्या तरुण जोडप्याकडे जर्मन शेफर्ड आहे, टायसन नावाचा. लॉकडाऊनमध्ये पिल्लू आणलं तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. आता तो चांगलाच थोराड झालाय. सकाळी सहाला आणि रात्री दहाला मालक त्याला खाली आणतो, गेटच्या आत पट्टा काढतो आणि मोबाइल बघत उभा राहतो. कुत्रा ज्याच्या त्याच्या अंगावर धावतो. दूधवाला सायकल टाकून पळाला. माझ्या सहा वर्षांच्या नातीने खाली खेळायला जाणं सोडलंय. बोलायला गेलं की मालक हसून म्हणतो, ‘काका, तो काही करत नाही. तुम्ही घाबरता म्हणून तो येतो.’ मागच्या रविवारी सौ. पूजेची फुलं काढत होती, तर अंगावर आला, ती पडली. मनगटाला जरा ओरखडा आला, हळद लावली. कुत्र्याची सगळी इंजेक्शनं झाली आहेत म्हणे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं तर दोन तट पडले आणि प्राण्यांचा द्वेष्टा मीच ठरलो. चेअरमन म्हणतात, कायदा कुत्र्यांच्या बाजूने आहे, आपल्याला काही करता येत नाही. एकाने बिस्किटातून ‘काहीतरी’ घालायचा उपाय सुचवला. मी आता काठी घेऊन फिरतो. मिरचीची पूडही ठेवू का? टायसनच्या मालकाच्या आईची आणि सौ.ची भिशी एक, त्यामुळे पोलिसांत जाणं जिवावर येतं. काय करावं?
– एक आजोबा, नेरूळ

काका,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सगळ्यात घाईने लिहिली आहे. ‘जरा ओरखडा आला, हळद लावली.’ पत्र वाचलं त्याच संध्याकाळी तुम्हाला तेवढ्यापुरतं कळवलं होतं आणि काकूंनी इंजेक्शन सुरू केल्याचा तुमचा निरोपही आला. पण हळदीवर भागवणारी घरं पुष्कळ आहेत, म्हणून इथे पुन्हा सविस्तर लिहिते. बाकीचं भांडण आठवडाभर थांबू शकतं, हे नाही.

कुत्र्याचा दात लागो की नख, जखम आधी वाहत्या नळाखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबणाने ते फुटतं, त्यामुळे हे धुणं हा उपचाराचाच पहिला भाग आहे. त्यावर हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावायचं नाही, घट्ट पट्टीही बांधायची नाही. मग दवाखाना. रक्त न येता नुसतं खरचटलं असेल तरी लस घ्यावीच लागते. रक्त आलं किंवा दात रुतला असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन नावाचं औषधही द्यावं लागतं, कारण लसीचा परिणाम दिसायला वेळ लागतो आणि तोवरचं संरक्षण ते देतं. पोटातली चौदा इंजेक्शनं ही जुन्या काळची गोष्ट. आता लस दंडावर देतात. सरकारी रुग्णालयात साधारणपणे कातडीत, पहिल्या दिवशी आणि मग त्या दिवसापासून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. स्नायूत देतात तिथे चौदा दिवसांनी द्यायचा एक डोस वाढतो. तुम्हाला नेरूळचं महापालिकेचं मीनाताई ठाकरे रुग्णालय जवळ, नाहीतर वाशीचं सार्वजनिक रुग्णालय आहेच. उशीर झाला म्हणून ‘आता काय उपयोग’ असं कुणी म्हणू नये. उशिरा सुरू केलेली लसही घ्यायचीच असते, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही असंच धरून चालावं लागतं.

आणि ‘सगळी इंजेक्शनं झाली आहेत’ हे तोंडी ऐकून घरी बसायचं नाही. कुत्र्याचं लसीकरणाचं पुस्तक बघायला मागा, त्यात पशुवैद्याचा शिक्का आणि शेवटच्या डोसची तारीख असते. चावल्यानंतर १० दिवस कुत्रा ठणठणीत राहिला तर पुढचे डोस किती घ्यायचे ते डॉक्टर ठरवतील, पण त्या १० दिवसांच्या भरवशावर पहिला डोस लांबवायचा नसतो. केसपेपर काढताना ‘पाळीव कुत्रा, मालक माहीत आहे, सोसायटीच्या आवारात’ असं लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. पुढे तुम्ही कुठेही गेलात तरी सगळ्यात वजनदार कागद तोच ठरणार आहे.

आता टायसनच्या मालकाकडे वळू.

‘तो काही करत नाही’ हे वाक्य मी या सदराच्या पत्रांमध्ये इतक्यांदा वाचलंय की मालक मंडळी ते कुत्र्याच्या पिल्लाबरोबर फुकट आणतात की काय अशी शंका येते. त्या वाक्यावर वाद घालू नका, काका. वाद घातलात की विषय टायसनच्या स्वभावाचा होतो, आणि टायसनचा स्वभाव तुमच्यापेक्षा त्याच्या मालकाला जास्त माहीत असणार हे कुणीही मान्य करेल. तिथे तुम्ही हरता. टायसन मनाने सज्जन असेलही. पण अंगावर आलेल्या चाळीस किलोच्या सज्जन कुत्र्यानेही साठीच्या बाईचं खुब्याचं हाड मोडू शकतं. काकू पडल्या, हे घडलंय. त्याला उत्तर ‘तो खेळत होता’ हे असू शकत नाही. म्हणून तुमची मागणी एकच ठेवा आणि ती दर वेळी त्याच शब्दांत मांडा: घराच्या दारातून बाहेर पडल्यापासून परत आत जाईपर्यंत पट्टा हातात. बस. कुत्रा सोसायटीतून काढा, लिफ्ट बंद करा, मोठी जात पाळू नका, यातलं काहीही त्याला जोडू नका. का ते पुढे सांगते.

‘तुम्ही घाबरता म्हणून तो येतो’ यात थोडं तथ्य आहे, आणि ते तुमच्या कामाचं आहे. पळणाऱ्या माणसामागे धावणं हे कुत्र्याच्या रक्तात असतं, दूधवाल्याच्या सायकलचं तेच झालं. पण त्यावरून जबाबदारी घाबरणाऱ्यावर ढकलायची, हा अजब न्याय आहे. सहा वर्षांच्या पोरीने न घाबरण्याचं प्रशिक्षण घेऊन मग खाली उतरायचं का?

टायसन असा का झाला याचा अंदाज तुमच्या पत्रातच आहे. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना जग ओळखायला शिकतं. निरनिराळी माणसं, मुलं, छत्र्या, सायकली, टोप्या. त्या वयात जे दिसलं ते त्याला पुढे साधं वाटतं, जे दिसलं नाही ते संशयास्पद. लॉकडाऊनमधल्या पिल्लांनी त्या आठवड्यांत घरची चार माणसं आणि मास्क लावलेला डिलिव्हरीवाला, एवढंच पाहिलं. त्यात जर्मन शेफर्ड ही मेंढ्या राखणारी, दिवसभर पळणारी जात, आणि ती राहते दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. सकाळी सहाला तो जेव्हा खाली सुटतो तेव्हा त्याच्यात आठ तासांचा जोर साठलेला असतो. ही मालकाची चूक माफ करण्यासाठी सांगत नाहीये. यातून मार्ग निघतो म्हणून सांगतेय. शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे, असंही समजू नका. अंग ताठ, नजर एकाच ठिकाणी रोखलेली, मानेवरचे केस उभे आणि शेपटी वर ताठ धरून हलतेय, असं दिसलं तर तो खेळायला येत नाहीये.

तो धावत आला तर? हे आजच घरात सगळ्यांना शिकवा. पळायचं नाही, किंचाळायचं नाही, हात वर उडवायचे नाहीत. जागेवर थांबायचं, अंग थोडं तिरकं करायचं, हात छातीशी घ्यायचे, डोळ्यांत रोखून बघायचं नाही. बहुतेक कुत्री अशा कंटाळवाण्या माणसाला हुंगून निघून जातात. पिशवी, पर्स, छत्री, जे हातात असेल ते त्याच्या आणि आपल्या मध्ये धरायचं. चावलाच तर हात झटक्याने ओढायचा नाही, त्याने जखम फाटते. पाडलंच तर पोटाशी पाय घेऊन गुंडाळून पडायचं आणि दोन्ही हातांनी मान आणि कान झाकायचे. नातीला हे खेळ म्हणून शिकवता येतं, ‘पुतळा पुतळा’ मुलांना आवडतो. तो निघून जायला लागला की पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकायचं.

काठीचं म्हणाल तर ती तिसऱ्या पायासारखी आधाराला असू द्या, उगारायला नको. उगारलेली काठी बघून तो दबेल याची खात्री नाही, चिडेल याची मात्र दाट शक्यता आहे. त्यापेक्षा बटणाने उघडणारी मोठी छत्री बरी. समोर एकदम उघडली की कुत्रा थबकतो, मध्ये आडोसाही होतो, आणि आपल्याकडे वर्षातले चार महिने ती हातात असतेच. मिरचीची पूड मुळीच नको. खाडीकडून येणारा सकाळचा वारा ती तुमच्याच डोळ्यांत घालेल, आणि उद्या तक्रार तुमच्यावर होईल.

बिस्किटवाल्या सभासदाबद्दल स्पष्ट लिहिते. ते नुसतं ऐकून घेतलंत तेही बरं नाही झालं, त्यांना तोंडावर नाही म्हणा. प्राण्याला विष घालून मारणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. शिवाय ते बिस्किट टायसनच खाईल हे कोण सांगणार? आवारात रांगणारी पोरंही असतात. आणि असलं काही घडलं तर पहिला संशय ग्रुपवर जाहीर तक्रार करणाऱ्यावर येणार. म्हणजे तुमच्यावर.

आता चेअरमनसाहेबांचा कायदा. त्यांचं अर्धं बरोबर आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यानुसार सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, मनाने दंड ठोकता येत नाही, तोंडाला जाळी घालण्याची सक्तीही करता येत नाही. कमिट्यांना हे माहीत असतं, किंवा कुठल्यातरी मालकाने त्यांना ते पाठवलेलं असतं, आणि मग त्या हात वर करतात. पण तीच तत्त्वं मालकांना सार्वजनिक जागेत कुत्रा पट्ट्याने बांधून न्यायला सांगतात आणि निष्काळजी मालकाविरुद्ध कायद्याचा मार्ग मोकळा आहे असंही सांगतात. हे पान कुणी उलटत नाही.

तो मार्ग असा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४पासून लागू आहे. तिच्या कलम २९१नुसार, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असताना पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नीट वाचा, चावा घेतलाच पाहिजे असं त्यात नाही, संभव पुरतो. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होतं आणि दंड हजार रुपये होता. प्रत्यक्ष दुखापत झाली असेल, जशी काकूंना झाली, तर निष्काळजीपणाने इजा करण्याचं कलम १२५ही लागू शकतं. कलम २९१ दखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीची वाट न बघता पोलीस गुन्हा नोंदवून तपास करू शकतात. पोलीस ठाण्यात ‘एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतो, समजावून सांगतो’ असं उत्तर मिळालं तर नम्रपणे हे सांगा आणि लेखी अर्जावर पोचेचा शिक्का घ्या. तरी काही झालं नाही तर तोच अर्ज टपालाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवता येतो. गेटबाहेर, रस्त्यावर किंवा ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानात फिरायला गेल्यावर असं घडलं तर महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१चं कलम १०६ आहे. रस्त्यात जनावर निष्काळजीपणे मोकळं सोडणं, हिंस्र कुत्रा तोंडाला जाळी न घालता मोकळा ठेवणं, कुणाच्या अंगावर कुत्रा सोडणं, हे सगळं त्यात येतं.

‘अशा केशींत होतं काय?’ असं मालक म्हणेल. होतं, वेळ लागतो एवढंच. मुंबईत २०१०मध्ये रॉटवायलर चावल्याच्या एका प्रकरणात गिरगावच्या न्यायालयाने २०२३मध्ये मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. वरळीतल्या एका इमारतीत २०१८मध्ये लिफ्टमध्ये लहान मुलाला घेऊन उभा असलेला बाप ‘थांबा, मुलगा घाबरतो’ म्हणत असताना मालकाने कुत्र्याला आत ओढलं आणि कुत्र्याने बापाचा हात धरला. २०२५मध्ये त्या मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. तेरा वर्षं आणि सात वर्षं. तुम्हाला निकालासाठी कोर्टात आयुष्य घालवायचं नाहीये, आणि घालवूही नका. पण हे दोन निकाल टायसनच्या मालकाच्या कानावर पडायला हरकत नाही. पासपोर्ट आणि व्हिसाच्या वयात फौजदारी केस अंगावर असणं कुणालाच परवडत नाही.

महापालिकेचाही एक धागा आहे. पाळीव कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीचा दाखला लागतो. टायसनचा परवाना आहे का, हे नेरूळ विभाग कार्यालयातून पशुवैद्यकीय विभागाकडे अर्ज करून विचारता येतं. पण हा धागा लगेच ओढू नका, आधी पुढचं करून बघा.

तुमच्या ग्रुपवर कुणीतरी २३ जातींच्या बंदीचं परिपत्रकही टाकलं असेल. केंद्राने ते मार्च २०२४मध्ये काढलं आणि एप्रिलमध्येच कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. जर्मन शेफर्ड त्या यादीत नव्हताच. तसंच भटक्या कुत्र्यांचा विषय यात चुकूनही मिसळू देऊ नका. त्याचे नियम वेगळे, २०२३चे, आणि ऑगस्ट २०२५मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर तर त्यावर सख्खे भाऊ भांडताहेत. भटक्यांना खायला घालणाऱ्या बाई एकदा चर्चेत आल्या की टायसनचा मालक शांतपणे बाजूला होतो आणि तुम्ही त्यांच्याशी भांडत बसता. तुमच्या ग्रुपवर दोन तट पडले त्याचं कारण मला हेच दिसतंय. मालकाचं नाव न घेता ‘कुत्र्यांचा उच्छाद’ असं काहीतरी तुम्ही लिहिलं असणार.

म्हणून मघाशी म्हटलं, मागणी एकच ठेवा. तुमच्या सोसायटीत आणखी चार-पाच जणांकडे तरी कुत्री असतीलच. लॅब्राडोरवाले, पगवाले, इंडी म्हणजे देशी कुत्रं पाळणारे. हे लोक पट्टा धरून, खिशात पिशवी घेऊन, सगळ्यांचे टोमणे ऐकत कुत्रं फिरवतात, आणि टायसनचा सगळ्यात जास्त ताप त्यांनाच आहे, कारण मोकळा मोठा कुत्रा बांधलेल्या लहान कुत्र्यावर जातो तेव्हा मध्ये त्यांचाच हात येतो. ते आज गप्प आहेत, कारण तुमची तक्रार पुढे गेली तर उद्या आपलं कुत्रंही जाईल अशी भीती त्यांना वाटते. त्यांच्या घरी जा. ग्रुपवर नको, घरी. त्यांना सांगा, कुत्रं पाळण्याला माझा विरोध नाही, पट्ट्याचा नियम सगळ्यांनी मिळून करू. ‘आम्ही श्वानपालक’ म्हणून त्यांच्या सह्या तुमच्या पत्रावर आल्या की प्राणीद्वेष्टा हा शिक्का आपोआप पुसला जातो, आणि चेअरमनसाहेबांनाही कायदा आठवायला लागतो.

आणि त्यांच्यासाठी काहीतरी मागा सुद्धा. टायसनला पळायला हवं, हे मालकाचं म्हणणं खरं आहे. कुत्र्याला कायम बांधून ठेवायचं आणि पुरेसं फिरवायचं नाही, हीसुद्धा १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११मध्ये क्रूरता धरली आहे. तुमच्याकडे जाळी लावलेलं बॅडमिंटन कोर्ट असेल तर रात्री दहा ते साडेदहा दार बंद करून तिथे कुत्री सोडायला द्या, साफसफाई त्यांची. नसेल तर दहा मीटरची लांब दोरी मिळते, तिने कुत्रा पळतोही आणि मालकाच्या हातातही राहतो. प्रशिक्षक लावायचा खर्च मालकाचा. अंगावर यायची सवय असलेल्या कुत्र्याला पिंजऱ्यासारखी मोकळी जाळी तोंडाला लावायची सवय करता येते. तिच्यातून तो धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो. कापडी घट्ट पट्टी मात्र आपल्या उकाड्यात घातक, तेही त्याला सांगा. सक्ती करता येत नाही, सुचवता येतं.

मालकाशी बोलायला सकाळी सहाला गेटवर जाऊ नका. तिथे कुत्रा मोकळा, तो हातात मोबाइल घेऊन, तुम्ही चिडलेले. रविवारी अकराला फोन करून त्याच्या घरी जा, कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवायला आधी सांगा. काकूंचा केसपेपर बरोबर न्या आणि समोर ठेवा. आवाज चढवू नका. एवढंच म्हणा, ‘हिला इंजेक्शनं घ्यावी लागताहेत. मला भांडायचं नाही. उद्यापासून पट्टा हातात हवा. तेवढं झालं तर मी पुढे कुठे जाणार नाही, नाही झालं तर जावं लागेल.’ तो तरुण आहे. ग्रुपवर शंभर जणांसमोर हार मानणार नाही, घरात बायकोसमोर कदाचित मानेल. भिशीत हा विषय काकूंनी काढू नये. बायकांच्या बैठकीत निरोप पोचतो, पण पोचताना त्याला दोन शेपट्या फुटतात.

महिनाभर बघा. रोज सकाळी काय दिसलं ते तारखेसह वहीत लिहा, वॉचमनला साक्षीला ठेवा, दूधवाल्याचं म्हणणं दोन ओळींत लिहून घ्या. पट्टा दिसला तर टायसनच्या मालकाला हात करा, आवर्जून. नाही दिसला तर पोलीस ठाण्यात जा आणि भिशीचा विचार करू नका. तुम्ही त्याला आधी सांगितलंय, घरी जाऊन सांगितलंय, याउपर शेजारधर्म काय शिल्लक राहतो?

नातीला धीर द्यायला म्हणून टायसनला हात लावायला लावू नका. त्याच्या मालकाने ‘ये, शेकहँड कर’ म्हटलं तरी नाही. लॅब्राडोरवाल्यांना विचारा, त्यांचं कुत्रं पट्ट्यात, तुम्ही दहा पावलांवर, नात तुमच्या कडेला. बघायचं आणि परत यायचं. जवळ जायचं की नाही ते तिचं तिला ठरवू द्या.

सोसायटीला पत्र मात्र आजच द्या, मालकाशी बोलणं व्हायच्या आधी, कारण सीसीटीव्हीचं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मसुदा देते, तारखा तुम्ही भरा, दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या.

‘मा. सचिव यांस. दिनांक अमुक रोजी सकाळी सहाच्या सुमारास आवारात मोकळ्या सोडलेल्या पाळीव कुत्र्याने माझ्या पत्नीच्या अंगावर झेप घेतली, त्यात ती पडून जखमी झाली. उपचाराच्या कागदाची प्रत जोडली आहे. विनंती अशी की, १) त्या दिवशीचं सकाळी साडेपाच ते सातचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं आणि त्याची प्रत मला द्यावी. २) आवारात, जिन्यात आणि लिफ्टमध्ये पाळीव कुत्र्याचा पट्टा कायम हातात असावा, अशी सूचना सर्व सभासदांना लेखी द्यावी आणि नोटीस बोर्डावर लावावी. ३) कुत्र्यांना मोकळं फिरवण्यासाठी बंदिस्त जागा व वेळ ठरवण्याचा विषय येत्या कमिटी बैठकीत घ्यावा. सोसायटीत कुत्रा पाळण्याला माझा कोणताही विरोध नाही. या पत्राचं लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावं. न मिळाल्यास हेच पत्र जोडून मी पोलीस ठाणे, महापालिकेचा पशुवैद्यकीय विभाग आणि सहकारी संस्थांचे उपनिबंधक यांच्याकडे अर्ज करीन.’